एका ओळीत मावलेले गाव

तालुक्याच्या वाचनालयात मागच्या कपाटात जिल्हा जनगणना पुस्तिका असते. सहसा ती कोणी मागत नाही. काही वर्षांपूर्वी मी ती सहज चाळायला घेतली आणि तीत पहिल्यांदा माझे गाव छापलेले पाहिले. त्याला एकच ओळ मिळाली होती. गावाचा सांकेतांक, क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, घरे किती, माणसे किती, त्यांत पुरुष किती आणि बायका किती. मग उजवीकडे सरकत जाणारे रकाने: शाळा, दवाखाना, टपाल, पाणी, वीज. दळणवळणाच्या रकान्यात बससेवा ‘उपलब्ध’ होती. आपले गाव सरकारच्या पुस्तकात आहे आणि त्याच्यापुढे ‘उपलब्ध’ असे लिहिले आहे, याचा मला त्या दिवशी बालिश म्हणावा असा आनंद झाला.

घरी येऊन मी ते काकीला सांगितले. काकी आमच्या गावातल्या शेवटच्या वाडीत राहायची. ती म्हणाली, “कुठल्या गावात रे येते ही गाडी? आपल्याच?”

काकीच्या वाडीतून गाडीच्या थांब्यापर्यंत यायचे, तर आधी पाखाडीच्या पायऱ्या उतरायच्या, मग पऱ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पुन्हा चढ चढायचा. सडसडीत माणसाला पाऊण तास लागतो. पावसात साकवावरून पाणी गेले की तेही जमत नाही. म्हणजे पुस्तक खोटे नव्हते आणि काकीही खोटी नव्हती. दोन्ही खरे असूनही जुळत का नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. मी संख्याशास्त्र शिकलेलो नाही. बारावीनंतर नोकरीला लागलो, आणि पुढचे वाचन रविवारी आणि सुट्टीत झाले. जे समजले ते इथे मांडतो. माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आहे, म्हणून उदाहरणे तिथली आहेत. पण ज्यांच्या गावाला वाड्या, पाडे, तांडे किंवा मळे आहेत त्या सर्वांना ती लागू पडतील.

गाव म्हणजे नेमके काय?

जनगणनेच्या भाषेत गाव म्हणजे महसुली गाव. तलाठ्याकडे ज्याची स्वतंत्र हद्द आणि नकाशा आहे ते. अशी गावे देशात ६ लाख ४० हजारांच्या आसपास आहेत. महाराष्ट्रात प्रत्यक्ष वस्ती असलेली गावे सुमारे ४१ हजार आहेत. पुस्तिकेत प्रत्येकाला एक ओळ असते.

देशावरच्या पांढरीच्या गावाला ही व्याख्या बऱ्यापैकी बसते. तिथे घराला घर लागून असते आणि भोवती काळी शेती. एसटी गावात आली म्हणजे ती जवळजवळ सगळ्यांच्या दारात आली. कोकणात तसे नाही. इथे गाव म्हणजे डोंगरउतारावर आणि पऱ्यांच्या काठाने विखुरलेल्या वाड्या. मधे सडा, रान, भातखाचरे. एका वाडीतला माणूस दुसऱ्या वाडीत लग्नाला जातो तेव्हा तो ‘गावात’ जातो असे म्हणत नाही, ‘पलीकडे’ जातो म्हणतो. या सगळ्या वाड्या पुस्तिकेत एका ओळीत येतात. वाडीला स्वतःची ओळ नाही.

आता त्या ओळीतले रकाने कसे भरले जातात ते पाहू. लोकसंख्येचा आकडा म्हणजे सगळ्या वाड्यांची बेरीज. सोयींचे तसे नसते. सोय गावाच्या हद्दीत असली की ‘उपलब्ध’. नसली, तर सर्वांत जवळची सोय किती अंतरावर आहे याचे अक्षर लिहितात: पाच किलोमीटरच्या आत असेल तर ‘ए’, पाच ते दहाच्या दरम्यान असेल तर ‘बी’, दहाच्या पुढे ‘सी’. म्हणजे एसटी गावाच्या एका टोकाला फाट्यावर आली, तरी साऱ्या गावाला ती आली असे धरले जाते.

थोडक्यात, माणसे बेरजेने मोजली जातात आणि सोय सर्वांत बऱ्या जागेवरून. काकीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे मिळाले.

उरलेले निम्मे उत्तर

उरलेले निम्मे उत्तर रस्त्यांच्या योजनेत आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिचा हेतू सरळ होता: ज्या वस्तीला बारमाही रस्ता नाही तिला तो द्यायचा. बारमाही म्हणजे पावसाळ्यातही वाहन जाईल असा. या योजनेने एक शहाणपणाची गोष्ट केली. तिने महसुली गाव हे एकक न धरता वस्ती हे एकक धरले. वाडी, पाडा, तांडा यांना स्वतंत्र अस्तित्व मिळाले.

पण त्याबरोबर उंबरठाही आला. सपाट भागात वस्तीची लोकसंख्या किमान ५०० हवी. डोंगरी राज्ये, वाळवंटी भाग आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली आदिवासी क्षेत्रे यांच्यासाठी ती २५० ठेवली. या लोकसंख्या २००१ च्या जनगणनेवरून धरल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला. त्यात २५ हजार वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते धरले आहेत. सर्वसाधारण उंबरठे तेच राहिले, जनगणना मात्र २०११ ची झाली.

आता रत्नागिरी जिल्हा कुठे बसतो? जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि तिथून समुद्रापर्यंत एक सरळ शेत सापडणे कठीण. पण महाराष्ट्र ‘डोंगरी राज्य’ नाही. रत्नागिरीत पाचव्या अनुसूचीतले क्षेत्रही नाही. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत ते आहे, म्हणून तिथल्या पाड्याला २५० चा उंबरठा लागतो. आमच्या वाडीला ५०० चा. हिशेबासाठी आम्ही सपाटीवर राहतो.

हे कागदावर उतरवून पाहिले की लगेच कळते. समजा, एका गावात ११०० माणसे आहेत आणि सहा वाड्या. वाड्यांची लोकसंख्या ३३०, २४०, १९०, १५०, ११० आणि ८०. एसटी पहिल्या वाडीपर्यंत येते. पुस्तिका सांगेल: लोकसंख्या ११००, बससेवा उपलब्ध. प्रत्यक्षात ७७० माणसांसाठी ती दूर आहे. आता ते ७७० लोक रस्ता मागायला गेले, तर त्यांना विचारले जाईल, तुमची वस्ती किती? २४०. १९०. १५०. एकही ५०० ला पोहोचत नाही.

सोय मोजायची वेळ आली की वाडी गावात मिसळते, आणि सोय मागायची वेळ आली की ती वेगळी होते. दोन्ही वेळा नुकसान तिचेच. यात कोणाचा कट नाही. दोन वेगवेगळ्या कामांसाठी केलेले दोन नियम आहेत. आपापल्या जागी दोन्ही समजण्यासारखे आहेत. पण त्या दोहोंच्या मधल्या फटीत काकीची वाडी आहे.

एक वाट त्या नियमातच ठेवलेली आहे आणि ती फार थोड्या ग्रामपंचायतींना ठाऊक असते. पाचशे मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. डोंगराळ भागासाठी हे अंतर पायवाटेने दीड किलोमीटर आहे. वरच्या उदाहरणात २४०, १९० आणि १५० च्या वाड्या एकमेकींच्या तेवढ्या जवळ असतील, तर बेरीज ५८० होते आणि उंबरठा ओलांडला जातो. मात्र ही जुळणी वेळेवर, वाडीनिहाय आकड्यांसह कोणी तरी मांडावी लागते. ज्या गावात वाड्यावाड्यांत पालखीच्या मानावरून बोलणे बंद असते, तिथे आकड्यांची बेरीजही अडते, हेही सांगायला हवे.

अंतराचीही एक गंमत आहे. सपाट भागात बारमाही रस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत असलेली वस्ती ‘जोडलेली’ मानली जाते. मैदानात पाचशे मीटर म्हणजे पाच-सात मिनिटे. पाखाडीवर तेवढेच अंतर म्हणजे दीडदोनशे पायऱ्या. नकाशावरची पट्टी चढउतार मोजत नाही. डोलीला खांदा देणारे चार जण तो मोजतात.

माणसे कमी का भरतात

आता लोकसंख्येकडे येऊ. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी, म्हणजे जवळजवळ पाच टक्के. शेजारचा सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. त्याच दशकात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि त्या वेळचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी. रत्नागिरीची माणसे कुठे गेली, हे विचारायला ज्योतिषी लागत नाही. संध्याकाळी विरार लोकलमध्ये उभे राहावे.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ११२२. त्याआधी, २००१ मध्ये, ११३६. मुली जास्त जन्मतात असा याचा अर्थ नाही. कमावते पुरुष मोजणीच्या वेळी गावात नसतात, हा आहे. ही रीत आजची नाही. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येही मुंबईला कामासाठी जाणाऱ्या इथल्या माणसांची नोंद आहे. गिरण्या आल्या, गोदी आली, पोलीस खाते आले आणि कोकणातला पुरुष मुंबईत राहून गाव मनिऑर्डरीवर चालवू लागला. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या गेल्या, पण माणूस परत आला नाही. पूर्वी तो एकटा राहायचा, आता बायकामुलांना घेऊन राहतो. स्त्रियांचे ते प्रमाण ११३६ वरून ११२२ वर आले, यामागे बायकाही जाऊ लागल्या हे एक कारण असावे असे मला वाटते.

जनगणनेचा नियम असा की माणूस नेहमी जिथे राहतो आणि मोजणीच्या काळात जिथे असतो, तिथे तो मोजायचा. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी अशी मोजणी झाली आणि १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भाचा क्षण होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत शिमगा आला. शिमग्याला आमच्या गावात घराला कुलूप नसते, सहाणेवर पालखीभोवती उभे राहायला जागा नसते. पण तेव्हा मोजणी झाली असती तरी चाकरमानी गावात धरला गेला नसता, कारण त्याचा नेहमीचा पत्ता मुंबईचा. नियम बरोबरच आहे. नाही तर एक माणूस दोनदा मोजला जाईल.

तरीही गावाच्या दृष्टीने माणसे तीन याद्यांत असतात. पहिली जनगणनेची. दुसरी मतदारांची, तीत मुंबईला राहणारे पुष्कळ जण अजून असतात. तिसरी वाडीच्या वर्गणीची. ती कोणत्याही सरकारी पुस्तकात नाही, पण सर्वांत पक्की असते, कारण तीत नाव असलेल्याने पैसे द्यायचे असतात. साकव दुरुस्त करायचा, देवळावर पत्रे घालायचे, पाखाडीला जांभ्याचे चिरे आणायचे, हे सारे तिसऱ्या यादीवर चालते. रस्त्याचा उंबरठा मात्र पहिल्या यादीवर ठरतो. गणपतीला ज्या पाखाडीवरून मूर्ती डोक्यावर घेऊन शंभर माणसे जातात, तिच्यावर फेब्रुवारीत काकीसारखी पाचदहा माणसेच असतात. रस्ता त्या पाचदहांना बारा महिने लागतो, हा मुद्दा आकड्यात येत नाही.

‘उपलब्ध’ म्हणजे किती वाजता?

दळणवळण हा शब्द आपण रस्त्यापुरता वापरतो. पण सामान्य माणसासाठी त्याचा अर्थ आहे जाऊन परत येणे. आमच्या बाजूला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात ती याचे उत्तम उदाहरण. संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते, चालक-वाहक रात्री तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. या एका गाडीमुळे कॉलेजचा मुलगा, न्यायालयात तारीख असलेला शेतकरी, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला लवकर पोहोचावे लागणारी बाई, या सगळ्यांचा दिवस साधतो. दुपारच्या दोन फेऱ्या वाढवून वस्तीची गाडी काढली, तर कागदावर फेऱ्या वाढतात आणि गावाची सोय कमी होते. पुस्तिकेच्या रकान्यात दोन्ही वेळा ‘उपलब्ध’च असेल. रकाना वेळ विचारत नाही.

फेरी टिकते ती भारमानावर, म्हणजे गाडीतल्या जागांच्या मानाने प्रवासी किती यावर. माणसे कमी झाली की भारमान घसरते, भारमान घसरले की फेरी धोक्यात येते, फेरी गेली की ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत ती कुटुंबे तालुक्याला खोली घेतात, आणि माणसे आणखी कमी होतात. मग वडाप उरते. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि तिन्हीसांजेनंतर मिळत नाही. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. दोन्ही सवलती चांगल्या आहेत. आमच्याकडे तर म्हाताऱ्या बायकाच जास्त, म्हणजे त्या आमच्यासाठीच केल्या असे वाटावे. पण सवलत गाडीत चढल्यावर लागू होते.

गावाचे तोंड कुठे आहे

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारले तर ते गावाची दिशा खाडीवरून सांगतात. वाशिष्ठी, शास्त्री, जैतापूरची खाडी, यांच्या काठची गावे एके काळी पाण्याकडे तोंड करून होती. गलबते आणि पडाव खाडीतून आत येत, दाभोळ, जयगड, जैतापूर या बंदरांना मुंबईच्या आगबोटी लागत. आज गावाची पाठ समजली जाते ती खालची वाडी तेव्हा दर्शनी वाडी होती. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, हळूहळू सडक आली, आणि गावाचे तोंड सड्याकडे फिरले. खाली उतरणारी वाट मागची झाली. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ अशा फेरीबोटी आजही चालतात, पण त्या थोड्या ठिकाणी.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली, तेव्हा तोंड पुन्हा थोडे फिरले. तिच्यावर राजापूर रोड, संगमेश्वर रोड अशी स्थानके आहेत. स्थानकाच्या नावात ‘रोड’ आला की गाव तिथून लांब आहे असे समजावे. ही रेल्वेची जुनी पद्धत आहे, आणि प्रामाणिक आहे. स्थानक स्वतःच सांगते की मी गावात नाही, पुढे रस्ता आहे. जनगणनेच्या ओळीत अशी काही खूण असती तर काकीचा गोंधळ झाला नसता.

हे सांगण्याचे कारण असे की दुर्गम असणे हा वाडीचा स्वभाव नसतो. काकीची वाडी दुर्गम ठिकाणी वसली नाही. ती खाडीजवळ, तेव्हाच्या हमरस्त्यावर वसली होती. रस्ता बदलला आणि ती दुर्गम झाली. “इतक्या आडबाजूला राहता कशाला?” असे विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

काय करता येईल

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र असा जाहीर झाला आहे. २०२१ ची मोजणी झालीच नाही, त्यामुळे नवे आकडे सोळा वर्षांनी येतील. गेल्या वेळी जिल्हा पाच टक्क्यांनी घटला होता. वर मी ५८० ची जी जुळणी दाखवली, तिच्यात पंधरा टक्के घट झाली तर ती ४९३ होते. पुढची एखादी योजना नव्या जनगणनेवर बेतली गेली, तर आज उंबरठ्याच्या आत असलेल्या कितीतरी वाड्या बाहेर पडतील. रस्ता नाही म्हणून माणसे गेली, आणि माणसे गेली म्हणून रस्ता नाही, असे ते चक्र पूर्ण होईल.

म्हणून मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला वाडीनिहाय तक्ता स्वतः करावा. त्याला तज्ज्ञ लागत नाही. वाडीचे नाव, बारा महिने राहणारी माणसे, त्यांत साठीच्या पुढची किती, शाळेत जाणारी किती. बारमाही रस्त्यापर्यंत चालत किती मिनिटे, आणि पावसाळ्यात किती. पऱ्या अडतो तो साकव कोणता. जवळच्या वाडीचे पायवाटेने अंतर किती. पहिली गाडी किती वाजता जाते आणि शेवटची किती वाजता येते. हा एक कागद ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडला, तर वस्त्यांची बेरीज मागताना तो पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून आहे. तिथे मागणी नेतानाही आकडे वाडीचे असले की बोलणे सोपे जाते. आमच्या गावाचा तक्ता मी केला, त्याला तीन रविवार लागले. मिनिटे मोजायला मी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला बरोबर घेतले, कारण माझ्या चालीने मोजलेले अंतर खरे नव्हते.

काकीचे सांगायचे राहिले. गेल्या पावसाळ्याआधीच्या पावसात ती परसात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. साकवावर पाणी होते. चार पोरे मिळेपर्यंत दुपार झाली, मग खुर्चीला बांबू बांधून तिला पाखाडीवरून खाली आणले. ऑपरेशन झाले, ती हळूहळू चालू लागली, पण त्या पायऱ्या आता तिला चढवत नाहीत. ती मुलाकडे नालासोपाऱ्याला राहते. आमच्या तक्त्यात तिच्या वाडीपुढचा आकडा मी स्वतः एकाने कमी केला.

१ मार्च २०२७ ला ती तिथेच मोजली जाईल. नियमाप्रमाणे ते योग्य आहे. मी तिला तक्त्याविषयी फोनवर सांगितले, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारले की तिच्या घराचे नाव लिहिले आहे ना. मग म्हणाली, “वाट नीट झाली की कळव.”